नऊ दिवस तो बोलला नाही

यशवंत गेल्याचं कळलं तेव्हा मी भंगारवाल्याशी भांडत होतो. वजनकाट्यावर माल चढत असताना त्यानं काट्याच्या कडेखाली बुटाचं टोक सरकवून ठेवलं होतं, म्हणजे माझंच लोखंड मला हलकं दाखवायचं. माझ्या वडिलांनी सगळं आयुष्य बाजार समितीत कापूस तोलण्यात घालवलं. तोलाऱ्याच्या मुलाला असली युक्ती! मी त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होतो आणि खिशातला फोन थरथरत होता. शेवटी चिडूनच काढला. शाळेच्या ग्रुपवर फुलांच्या चौकटीत एक फोटो होता, खाली नेहमीचे दोन शब्द. आमच्या वयात असे फोटो रोज येतात, कुणाचे वडील, कुणाची सासू. बोटानं मोठा करून पाहिला... यशवंत. दोन वर्षांपूर्वीचा असावा, चष्मा नवा होता, मला माहीत नसलेला. पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं, हे कबूल करतो. मनात आलं, असा कसा गेलास? माझ्या प्रश्नाचं उत्तर न देता? भंगारवाल्याला म्हटलं, घेऊन जा सगळं. तो म्हणाला, "शेठ, वजन?" मी म्हटलं, "जा म्हटलं ना." असा व्यवहार मी उभ्या आयुष्यात केलेला नाही.

जळगावहून निघून एरंडोल, पारोळा मागे टाकत चार वाजता धुळ्याला पांझरेकाठच्या स्मशानात पोचलो. कॉलेजची माणसं होती, जुने विद्यार्थी होते, सगळे इस्त्रीच्या शर्टातले. मी कारखान्याच्या कपड्यांत, कोपरापर्यंत काळा. एक तरुण प्राध्यापक जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "आपण सरांचे कोण?" चार वर्षांपूर्वी मी याचं उत्तर तासभर दिलं असतं. त्या दिवशी म्हणालो, "गाववाला."

याला आता सहा आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी चार शब्द लिहा, असं आमच्या एका मित्रानं सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं. चांगलं लिहिणारच आहे, कारण ते खरं आहे. पण यशवंतानं मला फसवलं, हेही खरं आहे. एक लिहून दुसरं सोडलं तर ते मापात पाप केल्यासारखं होईल.

आमचं गाव एरंडोलपासून पायी तासाभराच्या अंतरावर. शाळेत आम्ही एका बाकावर. तो गणितं सोडवायचा आणि मी त्याच्या वहीवरून उतरवायचो. बदल्यात बाहेरच्या जगाचं मी बघायचो. त्याला पद्मालयाच्या जत्रेत साधी बासरी घेता येत नसे, दुकानदार म्हणेल ती किंमत देऊन वर 'थँक्यू' म्हणायचा. दहावीनंतर तो पुढे शिकला, धातुशास्त्रात पार पीएच.डी.पर्यंत गेला. मी आयटीआय करून दोंडाईच्याला एका लोहारकामाच्या शेडमध्ये घण मारायला लागलो. तो सुट्टीत यायचा, भट्टीसमोर उकिडवा बसायचा आणि लाल लोखंडाकडे असा बघायचा की आमचे मिस्त्री म्हणायचे, ह्या पोराला कुणाची नजर लागली का? मी काय ठोकतोय त्याकडे त्याचं लक्ष नसे. ते ठोकताना आत काय होतंय हे त्याला बघायचं असे. पुण्यामुंबईला त्याला बोलावणी होती. तो धुळ्याच्या कॉलेजात आला आणि तिथेच राहिला. का, असं विचारलं तर म्हणायचा, "आठे मन्हं लोखंड शे ना भो." इथे माझं लोखंड आहे. तो ते माझ्याबद्दलच बोलतोय असं मी समजायचो.

जळगावच्या एमआयडीसीत मी स्वतःची फोर्जिंगची शेड टाकली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे हुक बनवायला. ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली ज्याला अडकते तो हुक. रावेर-यावलकडे केळी भरलेली ट्रॉली बघितलीत तर कळेल, सगळा भार या एका वितीएवढ्या लोखंडावर असतो. तेव्हा आम्ही हुक लाल करून तेलात बुडवायचो आणि मग पुन्हा मंद भट्टीत तासन्‌तास ठेवायचो. तेलाच्या धुरानं माणसं खोकायची, हुक वेडेवाकडे व्हायचे, ते सरळ करायला वेगळी दोन माणसं लागायची. यशवंत एका रविवारी आला, नाकाला रुमाल लावून शेडभर फिरला आणि म्हणाला, "हे सगळं बंद कर. पोलाद बदल."

त्यानं सुचवलेल्या पोलादात चिमूटभर व्हॅनेडियम असतं. लाल हुक ठोकायचा आणि नुसता हवेत निवू द्यायचा. ना तेल, ना दुसरी भट्टी. मला वाटलं हा माझी थट्टा करतोय. हवेत ठेवून लोखंड कणखर होत असतं तर माझा बाप तोलारी कशाला राहिला असता? तर म्हणाला, निवताना त्या व्हॅनेडियमचे आतल्या आत कण तयार होतात, आणि ते कण इतके बारीक असतात की मिलिमीटरचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले पाच-सहा तुकडे म्हणजे एक कण. पुढच्या खेपेला फोटोच घेऊन आला, मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या यंत्रातून काढलेला. करड्या रंगावर काळे ठिपके. मी म्हटलं, "हे? याहून जास्त ठिपके माझ्या चष्म्यावर आहेत." तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "तुझ्या चष्म्यावरच्या ठिपक्यांनी ट्रॉली ओढली जात नाही. यांनी जाते."

ते कण काय करतात हे त्यानं आम्हाला खंडेनवमीला दाखवलं. हॅमरची, भट्टीची पूजा झाली होती, झेंडूच्या माळा चढल्या होत्या, सगळे कामगार सतरंजीवर बसून प्रसादाचे हरभरे खात होते. यशवंतानं सगळ्यांना उठवलं. म्हणाला, ही भलीमोठी सतरंजी एकट्यानं सरकवून दाखवा. कुणाला जमेना. मग त्यानं एका टोकाला सतरंजीची एक सुरकुती उभी केली आणि ती सुरकुतीच हातानं पुढे पुढे ढकलत दुसऱ्या टोकाला नेली. सतरंजी बोटभर पुढे सरकलेली होती. "लोखंड वाकतं ते असं. सगळं एकदम नाही सरकत, आत अशा सुरकुत्या पळतात." मग सतरंजीखाली त्यानं मूठभर हरभरे पसरले, जवळ जवळ. आता सुरकुती ढकलली तर ती जागोजागी अडायला लागली. "हे ते कण. सुरकुती अडली म्हणजे लोखंड कणखर झालं." आमचे फोरमन सुकलाल आबा मागून म्हणाले, "सर, मग आणखी टाका ना हरभरे, अजून कणखर होईल!" सगळे हसले. यशवंत हसला नाही. त्यानं आणखी दोन मुठी टाकल्या, सुरकुती मुळीच हलेना, तेव्हा जोर लावला... आणि माझी नवी सतरंजी टर्रकन फाटली. "सुरकुत्यांना थोडी तरी वाट पाहिजे, आबा. नाहीतर लोखंड वाकत नाही, तुटतं." मग सगळे हरभरे एका जागी गोळा करून त्यांचा ढीग केला, तर सुरकुती बाजूनं खुशाल निघून गेली. फार सावकाश निवलं तर कणांचं असं होतं, म्हणाला, मोठे होतात, थोडे उरतात, अडवत नाहीत. फार घाईनं निवलं तर दुसरी रड, कडक होतं पण न ताणता तुटतं. मधला वेग आपल्याला सांभाळायचा. मी म्हटलं, "आणि सतरंजीचं कोण बघणार?" तर म्हणाला, "कापून घे माझ्या कातड्यातून." प्रसादाचे हरभरे पायाखाली घातले म्हणून सुकलाल आबा मात्र दिवसभर नाराज होते.

तर असा सगळा खेळ थंड होण्याच्या वेगावर होता. त्यासाठी त्यानं शेडच्या एका बाजूला रूळ टाकून घेतले. त्यावर लाल हुक वीतवीतभर अंतरावर मांडायचे, ढीग करायचा नाही, वारा घालायचा नाही, हात लावण्याइतके निवेपर्यंत हलवायचे नाहीत. मी एकदा विचारलं, जळगावचा मे महिना आहे, पंचेचाळीस अंशात हवाच तापलेली, त्याचं काय? तर म्हणाला, "अकराशे अंशाच्या लोखंडाला तुझे पंचेचाळीस म्हणजे काहीच नाही. त्याला ऊन कळत नाही, वारा कळतो." धुळ्याचा एक ट्रॉली बनवणारा कारखाना आमचे सगळे हुक घ्यायला लागला. प्रत्येक लॉटमधून दोन तुकडे यशवंत आपल्या कॉलेजात नेऊन ओढून बघायचा, तुटेपर्यंत. किती जोर लागला तो एक आकडा आणि तुटायच्या आधी किती ताणला गेला तो दुसरा. पहिल्याला तो ताकद म्हणायचा, दुसऱ्याला तन्यता. मी दुसऱ्याला ऐपत म्हणायचो. पाच-सहा वर्षं असं चाललं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं होती, आणि ती त्यानं दिली. हे मी लिहून ठेवतो.

आता चूक. ती माझी होती. एका एप्रिलमध्ये मोठी ऑर्डर होती आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आलेली. आखाजीला आमच्याकडे शेडमध्ये माणूस राहत नाही. लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधले जातात, माझे सगळे कामगार आपापल्या गावी जातात आणि चार दिवस फोनही उचलत नाहीत. त्याआधी गाड्या भरायच्या होत्या. भट्टी तयार, हॅमर तयार, पण रुळांवर जागाच होईना. हुक निवायला वेळ लागे आणि तोवर पुढचे ठोकता येत नसत. मग मला ती अक्कल सुचली. लग्नसराई होती, मंडपवाल्याकडून मी आठ मोठे पंखे भाड्यानं आणले, वऱ्हाडावर वारा घालतात ते, आणि लावले रुळांच्या दोन्ही बाजूंना. मंडपवाल्याला घासाघीस करून अर्ध्यावर आणला याचाच मला केवढा अभिमान! हुक झपाट्यानं निवायला लागले. आमच्याकडच्या यंत्रावर कडकपणा तपासला तर तोही वाढलेला. मी सुकलाल आबांना म्हटलं, बघा, पीएच.डी. न करता जास्त कडक केला.

यशवंत रविवारी बसनं आला. पंखे बघून दारातच थांबला. "हिरामण, आठे कोणं लगीन शे?" मी म्हटलं, "हुकांचं." त्या लॉटचे मी आधीच कॉलेजात पाठवलेले दोन तुकडे त्याच्या पिशवीत होते, ओढून तुटलेले. कॅबिनमध्ये ते त्यानं माझ्यासमोर ठेवले. ताकद भरपूर होती, नेहमीपेक्षा जास्त. ऐपत कमी होती. चौदा टक्के पाहिजे तिथे अकरा.

"अकरा आणि चौदा," मी म्हटलं, "कोण बघतंय? बारा समज."

"लोखंडसंगे भी भाव करस का रे?"

भाव करायची माझी पद्धत जुनी आहे. आधी ओरडायचं, मग हसायचं, मग चहा मागवायचा आणि चहा संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. समोरचा माणूस त्या शांततेला घाबरतो आणि आपणहून खाली येतो. मी ओरडलो, की माणसं आखाजीला निघालीत, ऑर्डर जाईल, तुला पुस्तकात बसून काय कळतंय. मग हसलो, म्हटलं हे काय विमानाला लावायचे आहेत? ट्रॉलीचेच हुक ना? मग चहा मागवला. आम्ही दोघं समोरासमोर बसून चहा प्यायलो. बाहेर पंखे घोंघावत होते. तो त्या तुकड्याच्या तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवत होता... आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "ट्रॉलीलाच आहेत म्हणा. चालतील बहुतेक. पण मी लिहून देणार नाही."

लिहून कोण मागत होतं! मी गाड्या भरल्या.

डिसेंबरात, एका थंड सकाळी, यावलकडे केळीची भरलेली ट्रॉली गतिरोधकावरून उसळली आणि हुक तुटला. ट्रॉली मागे घसरून चारीत गेली. वर बसलेल्या दोन मजुरांपैकी एकाचा पाय मोडला. हे सगळं मला कळलं ते नऊ दिवसांनी. धुळ्याच्या त्या कारखान्यानं तुटलेला हुक त्याच दिवशी तपासणीसाठी कॉलेजात पाठवला होता, यशवंताकडेच. नऊ दिवस तो हुक यशवंताच्या टेबलावर होता. त्याचं तुटलेलं तोंड साखरेच्या दाण्यांसारखं चमकत असणार, न ताणता तुटलेल्या लोखंडाचं तसंच असतं. तो हुक कुणाचा आहे, कुठल्या लॉटचा आहे हे त्याला न वाचता कळलं असणार. आणि त्या नऊ दिवसांत मी त्याला दोनदा फोन केला होता. एकदा नव्या डायबद्दल, म्हणजे ठोकायच्या साच्याबद्दल, एकदा उगाच. उगाच केलेल्या फोनमध्ये तो मला म्हणाला, "जेवलास का? थंडी फार आहे, मफलर घालत जा." मफलर! हुक समोर ठेवून हा माणूस मला मफलर सांगत होता.

दहाव्या दिवशी कारखान्याच्या मालकानं मला धुळ्याला बोलावलं आणि कॅबिनमध्ये एक पत्र पुढे टाकलं. कॉलेजच्या कागदावर, खाली यशवंताची सही. सदर लॉटमधील सर्व हुक वापरातून त्वरित काढून घ्यावेत. उत्पादकाने थंड करण्याच्या प्रक्रियेत परस्पर बदल केल्याने तन्यता घटली आहे. मी ते पत्र दोनदा वाचलं. उत्पादक! एका बाकावर बसलो, एका भाकरीवर जेवलो, आणि मी उत्पादक. आणि परस्पर? तो कॅबिनमध्ये बसला होता, त्यानं पंखे बघितले होते, चालतील म्हणाला होता. ते वाक्य पत्रात कुठे होतं? मालक म्हणाला, "हिरामणभाऊ, सरांनी लिहिलं म्हणजे विषय संपला." मी पत्राची घडी करून ते परत सरकवलं. काय सांगणार होतो? की सरही होते? लिहून कुठे होतं!

हुक परत आले, ऑर्डर गेली, नाव गेलं. जळगाव-धुळ्यात लोखंडवाल्यांची दुनिया लहान आहे, आठ दिवसांत पोरंसोरंही 'पंखेवाले शेठ' म्हणायला लागली. पाय मोडलेल्या माणसाला मी भेटून आलो, त्याच्यासमोर उभं राहणं सोपं नव्हतं, आणि मी काय त्याला यशवंताचं नाव सांगणार होतो? पत्र चुकीचं होतं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. उरलेले हुक परत आलेच पाहिजे होते. माझा प्रश्न एकच होता. आधी मला का नाही सांगितलंस? एक फोन. "हिरामण, तुझा हुक तुटला, सगळे हुक परत बोलाव." मी स्वतः बोलावले असते. माझं नाव मी स्वतः खराब केलं असतं, तुझ्या हातून नाही. पत्रानंतर त्याचे फोन आले, मी उचलले नाहीत. तो शेडवर आला, मी सुकलाल आबांना सांगून फाटकावरूनच परत पाठवला. आबा परत येऊन म्हणाले, "शेठ, सर उन्हात उभे आहेत." मी म्हटलं, त्यांना ऊन कळत नाही.

त्यानंतर एकदाच भेट झाली, दोंडाईच्याला एका लग्नात. पंगतीत तो माझ्यासमोर आला, थोडा वाळला होता. "कसं शे रे, हिरामण?" आजूबाजूला आमच्या धंद्यातली माणसं बसली होती. मी मोठ्यानं म्हटलं, "उत्पादक बरा आहे, सर." एक-दोघं हसले. तो उभा राहिला, काहीतरी बोलेल असं वाटलं... मग वाढप्याला वाट देत बाजूला झाला आणि न जेवता गेला. विचारायचं ते तेव्हाच विचारायला हवं होतं. मी टोमणा मारण्यात वेळ घालवला. माझ्या जिभेनं मला धंद्यात जितकं मिळवून दिलं तितकंच बाकी ठिकाणी घालवलं आहे.

तो गेल्यानंतर महिन्याभरानं मी धुळ्याला त्याच्या घरी गेलो. शोभावहिनींनी दार उघडलं, आणि मी सांत्वनाचं एकही वाक्य न बोलता बसलो, कारण येत नव्हतं. त्यांनीच सुरुवात केली. "तुमची आठवण काढायचे, भाऊ."

माझा तोल गेला. ज्या घरात महिन्यापूर्वी माणूस गेला तिथे मी आवाज चढवला. "आठवण काढायचा? मग नऊ दिवस तोंड का उघडलं नाही त्यानं? मी काय त्याला खाल्लं असतं?"

वहिनी शांत होत्या. बत्तीस वर्षं त्यांनी माझं ओरडणं ऐकलेलं आहे. म्हणाल्या, "मीही हेच विचारलं होतं. रोज फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. मी म्हटलं, अहो, सांगून टाका, तुमचा मित्र आहे. तर म्हणाले, सांगितलं तर तो चहा मागवेल."

मी चष्मा काढून शर्टाला पुसायला लागलो.

"म्हणाले, एकदा चहा प्यायलो आणि एका माणसाचा पाय मोडला. पुन्हा बसलो समोर तर पुन्हा हो म्हणेन. तो म्हणेल, सगळे कशाला, निम्मेच परत बोलावू. आणि मला ते पटेल. तुमच्यापुढे त्यांचं कधी चाललंय का, भाऊ? तुम्हीच सांगा."

"आणि स्वतःचं नाव? तो हो म्हणाला होता, वहिनी. ते पत्रात का नाही लिहिलं?"

यावर त्यांनी खिडकीकडे बघितलं. मला वाटलं काहीतरी सावरून घेतील. त्या म्हणाल्या, "घाबरले असतील. निवृत्तीला दोन वर्षं होती... त्याचं मी तुम्हाला काय सांगू? ते चुकलंच."

परत येताना पारोळ्यापर्यंत मी गाडीत एकटाच भांडत होतो. पहिल्या उत्तराला माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून दुसऱ्यावर भांडत होतो. तू भित्रा होतास. तू स्वतःला वाचवलंस आणि मला सरकवलंस. आणि वर माझ्याबद्दल ठरवून टाकलंस, की हा माणूस ऐकणार नाही. मला ती संधी दिली का नाहीस? मी ऐकलं असतं. नक्की ऐकलं असतं. गाडीच्या काचा बंद होत्या म्हणून बरं.

मागच्या मंगळवारी एका लॉटचा रिपोर्ट आला. यशवंताशी बोलणं तुटल्यापासून तुकडे नाशिकच्या एका प्रयोगशाळेत पाठवतो. ते कुरियरनं जातात आणि आकडे फोनवर येतात, मधे माणूस नसतो. ताकद ठीक होती. ऐपत दोननं कमी. पंखे नव्हते, घाई नव्हती, का कमी आली कोण जाणे. गाडी दारात लागलेली, ड्रायव्हर तंबाखू मळत उभा, घेणाऱ्याचा फोन येऊन गेलेला. सुकलाल आबा आत आले आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबले. माझ्या डोक्यात सगळी वाक्यं तयार होती. कोण बघतंय, विमानाला लावायचेत का, बारा समज. एकेक वाक्य तोंडापर्यंत आलं. पण ते कुणाला म्हणायचं? समोर तो फोन, त्यावर दोन आकडे. त्यांच्यावर ओरडता येईना, त्यांना हसवता येईना. आबांना पटवून उपयोग नव्हता, ते पगारी माणूस, मी म्हणेन त्याला हो म्हणणार. मी चहासुद्धा मागवला. आला, निवला, वर साय धरली. मग म्हटलं, "आबा, गाडी रिकामी जाऊ द्या."

आबा म्हणाले, "सगळा लॉट?"

"सगळा."

मोठं काही केलं असं मी समजत नाही. पटवायला समोर माणूस असता तर मी त्याला पटवलं असतं, आणि गाडी भरून गेली असती. हे मला त्या थंड चहासमोर बसून कळलं, आणि यशवंताला ते चार वर्षांपूर्वी, तो तुटलेला हुक बघताना कळलं होतं. त्यानं मला जोखलं ते बरोबर जोखलं. त्याचाच राग येतो. मित्रानं इतकं बरोबर जोखू नये, किंवा जोखलं तर तोंडावर येऊन सांगावं आणि शिव्या खाव्यात. तो तोंडावर आला नाही. त्याची सही असलेला कागद आला, आणि त्या कागदातून त्यानं स्वतःला वगळलं. हे मी त्याला माफ केलेलं नाही, करेन असं वाटतही नाही.

तो लॉट मागच्या भिंतीशी वीतवीतभर अंतरावर मांडून ठेवला आहे. निवून आठ दिवस झाले, आता ढीग केला तरी काही बिघडणार नाही, आबांनी दोनदा विचारलं. राहू दे म्हटलं. सकाळी शेडमध्ये आलो की आधी तिकडे जातो आणि त्या हुकांसमोर उभा राहून त्याच्याशी भांडतो. कामगारांना आता सवय झाली आहे. मोठ्यानं बोलतो, हातवारे करतो, शिव्याही देतो, आणि बोलून झालं की तो काय म्हणतो ते ऐकायला थोडा वेळ थांबतो.